बॉम्बरची इंजिनं: लोहगावच्या कॅनबेरापासून बी-५२ पर्यंत (लांब धागा आहे, सवडीने वाचा)

पाषाणवाला

गेल्या आठवड्यात सुखोईच्या आवाजाच्या धाग्यावर (तोच तो, धानोरीकर विरुद्ध विमाननगरकर) कुणीतरी ठोकून दिलं की बॉम्बरचं इंजिन म्हणजे काय हो, फायटरचंच जरा मोठं करायचं आणि दोनाच्या जागी चार लावायची. तिथे उत्तर देत बसलो असतो तर संपादक अवांतर म्हणून उडवून गेले असते, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं एवढंच की गोष्ट उलटी आहे. जेट इंजिनाला शहाणपण आलं ते बॉम्बरमुळे. त्या काळच्या फायटरला दहा मिनिटं जोर लावायचा आणि तासाभरात घरी, त्यामुळे इंधन जरा जास्त प्यायलं तरी चालायचं. बॉम्बरला हजार दोन हजार मैल जायचंय, ओझं टाकायचंय आणि तेवढंच परत यायचंय, रस्त्यात पंप नाही. मग प्रश्न थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) किती याचा उरत नाही, एक पौंड थ्रस्टमागे तासाला किती इंधन जळतं याचा होतो. ते कमी करायचा तेव्हाचा राजमार्ग एकच, आत घेतलेली हवा जाळायच्या आधी जमेल तितकी जास्त दाबायची. म्हणजे प्रेशर रेशो. सगळी रामायणं त्यापायी झाली.

सुरुवात पुण्यापासूनच करू. १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची कारवाई, सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर १२ कॅनबेरा बॉम्बर गेले आणि काही मिनिटांत ६३ हजार पौंड बॉम्ब टाकून आले. ती विमानं आपल्या लोहगावातून उडालेली. प्रत्येकाला रोल्स-रॉईसची दोन एव्हन इंजिनं, म्हणजे त्या सकाळी २४ एव्हन पुण्याच्या डोक्यावरून गेली.

हे एव्हन इतकं भरवशाचं निघालं की आपल्या हवाई दलात कॅनबेरा १९५७ साली आली ती २००७ च्या मे महिन्यात आग्र्याला निवृत्त झाली, पन्नास वर्षं. पण जन्मताना ते अगदी दरिद्री इंजिन होतं. १९४५ मध्ये डिझाईन सुरू झालं, लक्ष्य ६५०० पौंड थ्रस्ट. मागे डोकं ए. ए. ग्रिफिथ यांचं, ज्यांनी १९२६ सालीच लिहून ठेवलं होतं की कॉम्प्रेसरची आणि टर्बाईनची (गरम वायूने फिरून कॉम्प्रेसरला फिरवणारी चकती) पाती विमानाच्या पंखासारख्या आकाराची केली तर अक्षीय कॉम्प्रेसर (हवा सरळ मागे ढकलत दाबणारा) चालेल. (हेच ग्रिफिथ फ्रँक व्हिटलच्या जेटच्या कल्पनेला तुझी गणितं फार आशावादी आहेत असं म्हणाले होते, तो वेगळा धागा होईल.) मार्च १९४७ मध्ये पहिलं एव्हन टेस्ट बेडवर सुरू केलं तर सुरूच होईना, झालं तर वेग घेईना, आणि पहिल्या स्टेजची (पहिल्या चकतीवरची) पाती तुटायला लागली. कंपनीला आतापर्यंत सवय होती ती व्हिटलच्या पद्धतीच्या सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरची, एक जाड चकती गरगर फिरते आणि हवा चौपट दाबते, दणकट काम. इथे १२ चकत्या एकामागे एक, प्रत्येकीवर नाजूक पाती, आणि एकीचं बिघडलं की पुढचीचं बिघडतं.

विमान कंपनीलाही धाकधूक होती. कॅनबेराचं पहिलं प्रोटोटाईप १३ मे १९४९ ला एव्हन लावूनच उडालं, वैमानिक रोलंड बीमाँट, पण दुसऱ्या प्रोटोटाईपला त्यांनी मुकाट्याने जुनी सेंट्रिफ्युगल नेन इंजिनं बसवली, न जाणो एव्हनने दगा दिला तर.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, सगळं एकदम टाकलं तर कोणी वाचणार नाही.

मिसळ_कमी_तिखट

पहिला! वाचून मग लिहितो.

शंकासुर

छान सुरुवात, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध शंका. जास्त दाब हवा तर १२ च्या जागी २० चकत्या लावायच्या, अडचण कुठे आली? एकीमागे एक लावतच जायचं ना.

पाषाणवाला

शंकासुर, शंका अजिबात बाळबोध नाहीये, रोल्स-रॉईसवाले चार वर्षं याच शंकेत अडकले होते.

कॉम्प्रेसर पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. का, तर हवा दाबत दाबत जाते तशी तिला जागा कमी लागते. ही अरुंदी काढलेली असते ती पूर्ण वेगाच्या हिशोबाने. आता इंजिन सुरू करताना किंवा थ्रॉटल खाली असताना चकत्या हळू फिरतात, हवा पुरेशी दाबली जात नाही, म्हणजे ती फुगलेलीच मागे पोचते आणि मागे तर जागा चिंचोळी. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरून पब्लिक येतच राहतं आणि अलका चौकात पुढे सरकायला जागा नाही, तसं. मग काय होतं, पुढच्या पात्यांना हवा पुरेशा वेगाने मिळत नाही, त्यांचा हवेशी कोन बिघडतो, पाती स्टॉल होतात (हवा पुढे ढकलायची थांबतात) आणि एका क्षणी दाबलेली सगळी हवा धाडकन उलटी पुढून बाहेर येते. हाच सर्ज. तोफेसारखा आवाज होतो, कधी ज्वाळा पुढून दिसतात आणि पात्यांवर असले हादरे बसतात की ती तुटतात.

चकत्या वाढवाल, रेशो वाढवाल, तितका पुढच्या आणि मागच्या टोकातला हा बेबनाव वाढतो. अक्षीय कॉम्प्रेसरची खरी अडचण ही. पूर्ण वेगात कुणीही चालवून दाखवेल, सुरू होऊन तिथवर पोचणं कठीण.

एव्हनवर इलाज काय केला, तर तोंडाशी असलेल्या गाईड व्हेन (हवेला दिशा देणारी स्थिर पाती) दोन स्थितींत वळतील अशा केल्या आणि मधल्या स्टेजना ब्लीड व्हॉल्व्ह दिले, वेग कमी असताना जादाची हवा बाहेर सोडून द्यायची. वाया जाते, पण इंजिन जगतं. आणि पुढे २०० सिरीजच्या एव्हनला तर त्यांनी कॉम्प्रेसरच नवा केला, १५ स्टेजचा, आणि त्यातल्या पहिल्या चार स्टेज चक्क प्रतिस्पर्धी आर्मस्ट्राँग सिडलीच्या सफायर इंजिनावरून घेतल्या. रोल्स-रॉईसने दुसऱ्याचं घेतलं हे ऐकायला कसंसं वाटतं पण घेतलं आणि त्यात शहाणपण होतं. सफायरचा कॉम्प्रेसर मुळात वीजयंत्रं बनवणाऱ्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सकडून आलेला, त्यांनी जेटचा धंदा सोडला तेव्हा तो आर्मस्ट्राँग सिडलीकडे गेला. टर्बाईनवाल्या लोकांचं काम, सर्ज फार कमी.

कळसगावकर

कॅनबेराचं नाव काढलंत म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र. माझे मामा लोहगावला एअरमन होते, इंजिनवरच. त्यांच्याकडून ऐकलेलं, कॅनबेराचं एव्हन बॅटरीने नाही काडतुसाने सुरू व्हायचं. बंदुकीच्या काडतुसाचा मोठा भाऊ, तो फुटला की त्याचा गॅस एका छोट्या टर्बाईनला फिरवतो आणि ती इंजिनाला. मोठा फुस्स आवाज आणि काळ्या धुराचा लोट. आपल्याकडच्या बी(आय)५८ वर एव्हन १०९ होतं, त्याला तीन काडतुसांची सोय, म्हणजे पहिल्या प्रयत्नात नाही झालं तर खाली उतरून परत भरायला नको.

मामा म्हणायचे की नवीन पोरं धूर बघून आग लागली म्हणून पळायची.

अजून एक, ते म्हणायचे कॅनबेरावर इंजिन बंद पडलं तर उंचीवर काही वाटत नाही पण उतरताना वैमानिकाचा जीव टांगणीला. इंजिनं पंखात बाहेरच्या बाजूला, एकच चालू असेल आणि वेग कमी असेल तर विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळून उलटायला बघतं, रडर पुरत नाही. त्यात एव्हन खालून वर यायला वेळ घेणार. दोन्ही थ्रॉटल एकदम पुढे ढकलले आणि एक इंजिन आधी जागं झालं तरी तीच गत.

पाषाणवाला

कळसगावकर, असेच प्रतिसाद हवे होते, वाचनमात्र राहू नका. आणि एका इंजिनावरून आठवलं, १९९९ च्या मे मध्ये कारगिलवर फोटो काढायला गेलेल्या कॅनबेराच्या उजव्या इंजिनाला खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र लागलं होतं. उरलेल्या एका एव्हनवर ते विमान श्रीनगरला सुखरूप उतरवलं. तेव्हा ते डिझाईन पन्नाशीचं झालं होतं.

भोसरी_सीएनसी

वाचतोय. मी पात्यांचं काम करत नाही पण त्याच्या भाऊबंदांचं करतो, टर्बोचार्जरची चाकं. आमच्याकडे बोटभर चाकाचा बॅलन्स बिघडला तर पूर्ण लॉट परत येतो, इथे तर शेकडो पाती एका शाफ्टवर आणि मिनिटाला हजारो फेरे. बाहेरच्या माणसाला वाटतं की ड्रॉईंग मिळालं की झालं. ड्रॉईंगमध्ये माप असतं, ते माप हजाराव्या नगालाही तसंच यावं यासाठी काय करायचं ते नसतं, ते शॉपफ्लोअरवर असतं. उष्णतेचं मटेरियल तर अजून पुढची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आराडो २३४ म्हणजे पहिला जेट बॉम्बर उडवला, पण निकेल नाही म्हणून युमो ००४ इंजिनात निकेल नसलेल्या पोलादी पत्र्यापासून पोकळ पाती करून वेळ मारून नेली आणि इंजिन वीस-पंचवीस तासांत उतरवायला लागायचं. इंग्रजांकडे निमोनिक मिश्रधातू होता म्हणून त्यांची इंजिनं टिकली. डिझाईनर दोन्हीकडे हुशारच होते.

आणि इंजिन कितीही भारी असो, माणूस माती खातोच. ब्रिटिश व्हल्कन बॉम्बरचं शेवटचं उडतं विमान होतं ना, एक्सएच५५८, त्याची दोन इंजिनं २०१२ मध्ये टेक-ऑफच्या वेळी गेली. कारण काय, तर ओल लागू नये म्हणून ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या इनटेकमध्ये राहिल्या होत्या. एका इंजिनाने त्या ओढल्या, ते फुटलं आणि त्याचे तुकडे शेजारच्याने ओढले. हत्यार मोजून आत न्या आणि मोजून बाहेर आणा, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

मिसळ_कमी_तिखट

वाचलं. आता दर विसर्जनाला अलका चौकात उभा राहून सर्ज सर्ज ओरडणार.

पाषाणवाला

हा हा. बरं, आता मुख्य गोष्ट.

ब्लीड व्हॉल्व्ह आणि वळत्या व्हेन ही मलमपट्टी होती, त्यातून एव्हन सहा-सात पट रेशोपर्यंत नीट चालायला लागलं. पण लांब पल्ल्याच्या बॉम्बरला त्याहून वर जायचं होतं. मग दोन कंपन्यांनी, एक ब्रिटिश एक अमेरिकन, साधारण एकाच वेळी एकच युक्ती काढली: कॉम्प्रेसरचे दोन तुकडे करा. पुढचा कमी दाबाचा, मागचा जास्त दाबाचा, प्रत्येकाला स्वतःची टर्बाईन आणि स्वतःचा शाफ्ट, एक पोकळ शाफ्ट आणि त्याच्या आतून दुसरा. दोघांचा एकमेकांशी यांत्रिक संबंध नाही, त्यामुळे इंजिन हळू चालत असताना मागचा तुकडा तुलनेने जोरात फिरून हवा ओढून घेतो, पुढचा सावकाश फिरतो, तुंबत नाही. ट्विन-स्पूल म्हणतात ते हेच.

ब्रिटिश इंजिन म्हणजे ब्रिस्टलचं ऑलिंपस. इथे स्टॅनली हूकर नावाचा माणूस येतो. मूळ गणिती, युद्धात मर्लिन इंजिनाचा सुपरचार्जर यांनी सुधारला, मग रोल्स-रॉईसच्या जेट विभागाचे प्रमुख. एव्हनच्या त्या रडकथेच्या काळात हे बार्नोल्ड्सविकला त्याच्याशी झुंजत होते, कंपनीचे साहेब अर्नेस्ट हाईव्ह्ज यांच्याशी बिनसलं, आणि जानेवारी १९४९ मध्ये हूकर उठून थेट स्पर्धकाकडे म्हणजे ब्रिस्टलला गेले. १६ मे १९५० ला ऑलिंपस पहिल्यांदा चाललं आणि ९१४० पौंड थ्रस्ट दिला. पहिल्याच इंजिनाने! एव्हनच्या जन्माशी तुलना करून बघा.

तरी विमान आधी तयार झालं. व्हल्कनचं पहिलं प्रोटोटाईप ऑगस्ट १९५२ मध्ये उडालं ते उसन्या एव्हनवर, ऑलिंपस लावलेलं दुसरं उडायला सप्टेंबर १९५३ उजाडलं. पण त्याआधी त्याच वर्षी मे मध्ये एका कॅनबेरालाच दोन ऑलिंपस लावून वैमानिक वॉल्टर गिब यांनी ६३,६६८ फुटांचा विक्रम केला होता. व्हल्कनवर ११ हजार पौंडांनी सुरुवात झाली ती ३०१ मॉडेलपर्यंत २० हजारांवर गेली, बाहेरचा आकार फारसा न वाढवता, कारण इंजिनं पंखाच्या मुळात गाडलेली होती, जागा तेवढीच.

रस्ता सरळ नव्हता. टीएसआर-२ या बॉम्बरसाठी आफ्टरबर्नरवालं (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारं) ऑलिंपस करत होते, डिसेंबर १९६२ मध्ये फिल्टनला व्हल्कनच्या पोटाला ते बांधून जमिनीवर चाचणी चालू असताना कमी दाबाच्या टर्बाईनची चकतीच बाहेर उडाली. इंधनाच्या टाक्या फुटल्या, अख्खं विमान जळलं आणि शेजारी सुरक्षेसाठी उभा केलेला अग्निशमन बंबही जळला. टीएसआर-२ १९६४ मध्ये उडालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये सरकारने प्रकल्पच बंद केला. इंजिन मात्र वाया गेलं नाही, त्याचंच पुढे काँकॉर्डचं ऑलिंपस ५९३ झालं.

अमेरिकन इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं जे५७, त्याचा किस्सा मला जास्त आवडतो. बोईंगचं बी-५२ कागदावर टर्बोप्रॉप (जेट इंजिनाने पुढचा पंखा फिरवणारं) होतं, कारण जेटवर एवढा पल्ला गाठणं अशक्य असंच सगळे धरून चालले होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये बोईंगची माणसं डेटनला हवाई दलाकडे डिझाईन घेऊन गेली तर कर्नल पीट वॉर्डन म्हणाले टर्बोप्रॉप विसरा, प्रॅटचं नवीन जेट येतंय ते धरून करा. ही मंडळी व्हॅन क्लीव्ह हॉटेलात शनिवार-रविवार कोंडून घेऊन बसली, सोमवारी ३३ पानांचा प्रस्ताव आणि बाल्सा लाकडाचं मॉडेल घेऊन हजर. ते मॉडेल आणि आजचं बी-५२ शेजारी ठेवलं तर नवखा माणूसही ओळखेल. पण लक्षात घ्या, हा सगळा जुगार जे५७ वर होता आणि ते इंजिन तेव्हा धड चाललंही नव्हतं. ट्विन-स्पूल, रेशो अकरा-बारा. १९५२ ची कोलिअर ट्रॉफी (अमेरिकेतला विमानक्षेत्रातला मानाचा पुरस्कार) त्याच्यासाठी प्रॅटच्या लिओनार्ड हॉब्ज यांना मिळाली.

उलटतपासणी

माहिती उत्तम, निष्कर्षाशी असहमत. तुम्ही सोयीची उदाहरणं निवडताय. जनरल इलेक्ट्रिकने दुसरा शाफ्ट न घालताच जे७९ केलं, एकच स्पूल, १७ स्टेज, पण पुढच्या स्थिर पात्यांच्या ओळी फिरत्या केल्या, वेगाप्रमाणे कोन बदलतात. रेशो जे५७ पेक्षा जास्त. ते इंजिन एफ-१०४ आणि एफ-४ फँटम या फायटरमुळे गाजलं. आणि सर्जची अक्कल फायटरनेही शिकवली, हॉकर हंटर तोफा झाडायला लागला की तोफांचा धूर आत जाऊन एव्हन सर्ज व्हायचं, त्यासाठी तोफा चालू असताना इंधन आपोआप कमी करायची सोय करावी लागली. बॉम्बरने हे कधी शिकवलं?

पाषाणवाला

हंटरचा मुद्दा मान्य. फक्त पुढचं सांगा ना, पक्का इलाज झाला तो २०० सिरीजच्या एव्हनने, म्हणजे त्याच उसन्या सफायर स्टेजनी. सफायरवालं हंटर मॉडेल तोफा झाडतानाही शांत होतं. आपल्याला मिळालेले हंटर मार्क ५६ या २०० सिरीजवालेच, लोंगेवालाला जे गेले ते.

जे७९ बद्दल अर्धं मान्य. बी-५८ हस्लर, ध्वनीच्या दुप्पट वेगाचा बॉम्बर, त्यावर चार जे७९ होती. दुप्पट वेगाने बराच वेळ जायचं आणि सावकाशही उडायचं, म्हणून पाती फिरवण्याचा खटाटोप. मागे गेरहार्ड न्यूमन, जर्मन माणूस, युद्धात चीनमध्ये फ्लाइंग टायगर्सची (चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन वैमानिकांच्या तुकडीची) विमानं दुरुस्त करायचे, अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून त्यांना नागरिकत्व दिलं. तेव्हा जे७९ वर दोघांचाही हक्क म्हणा.

उलटतपासणी

अर्धं तर अर्धं. घेतलं.

सातारारोडची_ताई

इथे सगळे दादा-काका बॉम्ब आणि रेशोत रमलेत म्हणून थोडं प्रवासी विमानांकडे नेते. रोल्स-रॉईस कॉनवे कसं काय राहिलं? तेही ट्विन-स्पूलच, व्ही-बॉम्बरसाठी (ब्रिटिशांचे व्हॅलिअंट, व्हल्कन, व्हिक्टर) सुरू झालेलं, व्हिक्टरच्या दुसऱ्या आवृत्तीवर बसलं, आणि सेवेत आलेलं पहिलं बायपास इंजिन तेच. म्हणजे थोडी हवा जाळायच्या भानगडीत न पडता बाजूने तशीच मागे सोडायची. बायपास अगदीच थोडं, कारण तेच, पंखाच्या मुळात गाडायचं म्हणून जाडी वाढवता येईना.

आणि ते आपल्या ओळखीचं आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोईंग ७०७ घेतली तेव्हा अमेरिकन इंजिनांऐवजी कॉनवे असलेली ७०७-४३७ घेतली. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवर कोसळलेलं कांचनजंगा, ज्यात होमी भाभा होते, तेही याच प्रकारचं विमान होतं. अपघाताचा इंजिनाशी संबंध नव्हता हे आधीच सांगते, नाहीतर कोणीतरी तिकडे धागा वळवेल.

विमाननगर_दुसरा_मजला

ताईंना +१. आणि तुम्ही ७०७ पर्यंतच थांबलात, मी रोज गॅलरीतून बघतो ते सांगतो. लोहगावला ७३७-८०० उतरतं ना, त्याचं सीएफएम५६ इंजिन, त्याचा गाभा (कॉम्प्रेसर, ज्वलन आणि टर्बाईनचा मधला भाग) म्हणजे मूळ बी-१ बॉम्बरच्या एफ१०१ चा गाभा आहे. जनरल इलेक्ट्रिकला फ्रान्सच्या स्नेक्माबरोबर प्रवासी इंजिन करायचं होतं, १९७२ मध्ये अमेरिकन सरकारने परवानगी नाकारली, म्हणाले बॉम्बरचं तंत्रज्ञान परदेशात देणार नाही. प्रकरण निक्सन आणि पाँपिदूपर्यंत गेलं, १९७३ मध्ये आइसलँडला दोघं भेटले तेव्हा सुटलं. अट काय, तर गाभा अमेरिकेत बनवून तयार पाठवायचा, फ्रान्समध्ये तो कुलूपबंद खोलीत, स्नेक्माच्या अध्यक्षांनाही आत प्रवेश नाही. आणि कार्टरनी १९७७ मध्ये बी-१ रद्द केलं (नंतर रेगननी परत आणलं) पण इंजिनाची प्रवासी भावंडं हजारोंनी झाली.

सुखोईच्या आवाजाला शिव्या घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी, ज्या विमानातून तुम्ही दिल्लीला जाता तेही बॉम्बरच्याच घरातलं.

धानोरीकर_त्रस्त

आवाजाचा विषय तुम्ही काढलात, मी नाही. सकाळी सात वाजता आफ्टरबर्नर लावून निघणाऱ्या सुखोईची आणि ७३७ ची बरोबरी करणाऱ्यांनी एकदा आमच्या टेरेसवर यावं.

संपादक

आवाजाचा धागा वेगळा आहे. इथे नको.

आग्वादचा_वारा

मूळचा वास्कोचा, आता वारजे. रशियनांचा उल्लेखच नाही? दाबोळीला १९८८ पासून नौदलाची टीयू-१४२ होती, नंतर ती तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. ते विमान म्हणजे टीयू-९५ बॉम्बरचं सागरी रूप आणि त्याला एनके-१२ इंजिन, टर्बोप्रॉप, एकेक १५ हजार हॉर्सपॉवर, दोन पंखे उलटसुलट फिरणारे. लहानपणी तो आवाज आधी छातीत यायचा, मग कानात. बोईंगने ज्या हॉटेलात टर्बोप्रॉप फेकून दिलं त्याच प्रश्नाला रशियनांनी टर्बोप्रॉपनेच उत्तर दिलं, आणि ते काम केलं युद्धानंतर तिकडे नेलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन इंजिनिअरांनी, फर्डिनांड ब्रांडनर त्यांचा प्रमुख. सुरुवातीला एनके-१२ तयार नव्हतं म्हणून जोडइंजिनं लावून पहिला नमुना उडवला, १९५३ च्या मे मध्ये गिअरबॉक्स फुटून आग लागली आणि तो कोसळला. टीयू-९५ अजून उडतंय.

पाषाणवाला

वा, हे राहून गेलं असतं. चीनचंही बघा, त्यांचा एच-६ बॉम्बर म्हणजे १९५२ साली उडालेल्या रशियन टीयू-१६ ची परवान्याने बनवलेली आवृत्ती, पण नव्या एच-६के ला रशियन डी-३०केपी-२ टर्बोफॅन (बायपासवालं जेट), म्हणजे आपल्या आयएल-७६ ला आहे त्याच घराण्यातलं इंजिन. इंजिन बदललं आणि जुन्या सांगाड्याचा पल्ला वाढला. एवढ्या वर्षांत चीनलाही बॉम्बरसाठी इंजिन बाहेरून आणावं लागलं, यावरून काम किती अवघड ते समजा.

शंकासुर

आता खरा प्रश्न. आपलं काय? कावेरी कावेरी, आपलं स्वदेशी जेट इंजिन, ऐकत म्हातारे झालो.

भोसरी_सीएनसी

कावेरीच्या आधीचं बघा की. एचएफ-२४ मारुत, कुर्ट टँकनी बेंगळुरूला केलेलं, १९६१ मध्ये उडालं. ते डिझाईन केलेलं ब्रिस्टल ऑर्फियस १२ या जास्त ताकदीच्या इंजिनावर. ऑर्फियस पण त्याच हूकरसाहेबांचं. ब्रिटिश सरकारने त्या आवृत्तीचे पैसे थांबवले, ब्रिस्टल म्हणालं तुम्ही विकासाचा खर्च द्या, आपण नाही म्हणालो. मग मारुतला कायम आफ्टरबर्नर नसलेलं ऑर्फियस ७०३ आणि सुपरसॉनिक म्हणून जन्मलेलं विमान आवाजाच्या अलीकडेच राहिलं. तेव्हाचे ते पैसे वाचवलेले आपल्याला केवढ्याला पडले याचा हिशोब कोणी मांडत नाही. मला विचाराल तर कावेरीपेक्षा मोठी चूक ती होती.

पाषाणवाला

सहमत, शब्दाशब्दाला.

कावेरीबद्दल थोडक्यात: जीटीआरईला (बेंगळुरूची सरकारी इंजिन संशोधन संस्था) १९८९ मध्ये मंजुरी, लक्ष्य आफ्टरबर्नरसह ८१ किलोन्यूटन, प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास, वजन जास्त. २००८ मध्ये तेजसपासून वेगळं काढलं. उंचीवरची चाचणी करायला आपल्याकडे सोय नाही म्हणून इंजिन रशियाला न्यायचं, २०१० मध्ये तिथेच आयएल-७६ वर बांधून उडवलं. वर एव्हनची, ऑलिंपसची गोष्ट वाचलीत ना, त्यात प्रत्येक वेळी कुठल्यातरी जुन्या विमानाला नवं इंजिन बांधून उडवताहेत. ब्रिटिशांनी तर एव्हन १९४८ सालीच लँकास्ट्रियनवर उडवून बघितलं होतं. आपल्याला साधी ही चैन नव्हती, इंजिन बिघडलं की कागद, परवानग्या, विमानाचं भाडं, आणि सहा महिने गेले.

पण गंमत अशी की आता आफ्टरबर्नर काढलेलं कावेरी, पन्नास किलोन्यूटनच्या आतलं, घातक या मानवरहित विमानासाठी धरलंय. घातक म्हणजे दुसरं काय, लपून जाऊन बॉम्ब टाकणारा उडता पंख. तिथे आफ्टरबर्नर लागत नाही, वजन थोडं चालतं, लागतं ते तासन्‌तास नीट चालणं. फायटरच्या परीक्षेत मागे पडलेलं इंजिन बॉम्बरच्या परीक्षेला बसतंय. बघू.

उलटतपासणी

हे मात्र तुमच्या मुद्द्याच्या विरोधात गेलं. म्हणजे बॉम्बरची परीक्षा सोपी?

पाषाणवाला

सोपी नाही, वेगळी. इंधनाचा आकडा आणि तासांचा आकडा तिथे बघतील, आणि ते आकडे अजून यायचेत.

मिसळ_कमी_तिखट

बी-५२ ला अजून आठ इंजिनं का हो? चार मोठी लावली की झालं. मेंटेनन्स अर्धा.

पाषाणवाला

यावर अमेरिकनांनी कित्येक वर्षं कागद काळे केलेत. आठ इंजिनं चार जोड्यांत टांगलेली आहेत. त्याऐवजी चार मोठी लावली आणि टेक-ऑफला सगळ्यात बाहेरचं एक गेलं तर एकूण थ्रस्टचा पाव भाग एका बाजूने एकदम जातो, आणि बी-५२ चा रडर मागे नुसती पट्टी आहे, तो ते वळण सांभाळू शकत नाही. कळसगावकरांच्या मामांनी सांगितलेलीच अडचण. शिवाय मोठ्या इंजिनाला जमिनीपासून उंची पुरत नाही, मग पंख बदला, शेपूट बदला. सप्टेंबर २०२१ मध्ये निर्णय झाला, आठाला आठच, ७६ विमानं, म्हणजे ६०८ इंजिनं आणि वर स्पेअर. निवडलं कोणतं, तर एफ१३०, मुळात बिझनेस जेटचं इंजिन, इंडियानापोलिसला बनणार. कंपनी रोल्स-रॉईस.

कळसगावकर

मामा असते तर विचारलं असतं, याला काडतूस लागतं का.